पुलाखालचं गॅरेज आणि आखाजीचे रिव्ह्यू

"भाऊ, आपलं गॅरेज कुठे गेलं?"

हिरामण आबांचा फोन आला तेव्हा ते गॅरेजमध्येच उभे होते. मागे कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. गॅरेज जागेवर होतं. मॅपवरून गेलं होतं.

मी जळगावच्या ऑफिसात होतो. लॅपटॉप उघडला. गॅरेजच्या मॅपवरच्या प्रोफाईलच्या माथ्यावर लाल पट्टी आणि त्यात एकच शब्द: सस्पेंडेड. म्हणजे मोबाईलवर 'जवळचा ट्रक मेकॅनिक' शोधणाऱ्याला आबांचं गॅरेज दिसणार नव्हतं. नाव टाकून शोधलं तरी दिसणार नव्हतं.

"प्रोफाईलवर काही केलं का तुम्ही?"

"मी काय करणार? मला त्यातलं काही येतं का?"

"दुसऱ्या कोणी?"

"पोरी आल्या होत्या आखाजीला," ते म्हणाले.

तेवढ्यावरून मला काही उलगडलं नाही. बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

मी पूर्वी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होतो. पानं कमी झाली, मग माणसं कमी झाली. आता एका छोट्या एजन्सीत आहे. दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय मॅपवर शोधणाऱ्याला वर दिसावं, यासाठी जे करावं लागतं ते आम्ही करतो. पैसे भरले की नाव वर येतं, असं बहुतेक मालकांना वाटतं. तसं नसतं. शोधणारा जे मागतोय तेच काम तुम्ही करता का, हे मॅप बघतो. तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात हे बघतो. आणि लोक तुमच्याबद्दल काही लिहितात का, हे बघतो. पहिल्या गोष्टीत आम्हाला दुरुस्ती करता येते. दुसरीत कोणालाच काही करता येत नाही. गोंधळ सगळे तिसरीत होतात.

आबांचं 'हिरामण ब्रेक वर्क्स' मुंबई-आग्रा महामार्गावर, सोनगीरच्या पुढे एका फाट्यावर आहे. ट्रकचे ब्रेक आणि क्लच, बाकी काही नाही. पत्र्याची लांब शेड, दोन मेकॅनिक आणि दोन खड्डे. ट्रकच्या खाली उभं राहून काम करता यावं म्हणून असे खड्डे खणतात. पूर्वी बोर्ड रस्त्यावरून दिसायचा आणि ड्रायव्हर थांबायचे. मग फाट्यावर उड्डाणपूल झाला. गाड्या वरून जायला लागल्या. बोर्ड खाली राहिला.

आबांचा मुलगा प्रवीण नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेड भाड्याने द्या आणि घरी बसा. भाडेकरूही तयार होता. धुळ्याचे कांतिलालशेठ, सरकीच्या पेंडेचे व्यापारी. त्यांना पावसाआधी गोडाऊन हवं होतं. शेठ बोलायला मऊ. "मी घाई करत नाही, आबा," ते म्हणायचे. "घाई पाऊस करतो." आबांनी त्यांच्याकडून जून लागेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर धंदा उभा राहिला तर गॅरेज. नाही तर पेंड.

आबांना घरी बसायचं नव्हतं. कारण विचारलं तर एवढंच सांगायचे, "घरी शांतता फार असते."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅपवरची पिन पुलाच्या वर पडलेली होती. पिन म्हणजे तुमची जागा दाखवणारी खूण. ड्रायव्हरने रस्ता विचारला की मॅप त्याला पुलावर नेऊन सांगायचा, आपण पोहोचलात. खाली यायला पुढे बराच वळसा होता. एवढा वळसा कोणी घेत नसे. प्रोफाईलवर धंद्याचा प्रकार म्हणून 'ऑटो पार्ट्सचे दुकान' लिहिलेलं होतं. कोणी लिहिलं ते आबांना ठाऊक नव्हतं. मी पिन सर्व्हिस रोडवर आणली. प्रकार बदलून 'ट्रक दुरुस्ती' केला. चोवीस तास उघडं, असं नोंदवलं. फोटो टाकले. काम एवढंच.

थोड्या आठवड्यांत बाहेरच्या पासिंगच्या गाड्या येऊ लागल्या. आबा मुद्दाम फोन करून सांगायचे. "आज एक हरियाणावाला आला, भाऊ. म्हणे, मोबाईलने आणलं."

"त्याच्याकडून रिव्ह्यू घेतला?" मी विचारायचो. रिव्ह्यू म्हणजे गिऱ्हाइकाने लिहिलेला अभिप्राय आणि दिलेले स्टार.

"काम झाल्यावर माणसाला काय म्हणू? माझं चांगलं लिही म्हणून हात पसरू?"

"हात पसरायचा नाही, आबा. नुसतं सांगायचं."

"एकच ते."

त्यामुळे रिव्ह्यू फारसे नव्हते. चार-दोन ड्रायव्हरांनी आपणहून लिहिलेले, तेवढेच. शेजारच्या गॅरेजचे भरपूर होते. मी हे एकदा आबांच्या थोरल्या मुलीसमोर, मंगलसमोर बोललो होतो. मंगल अमळनेरला दिलेली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आबा मागणार नाहीत. त्यांचं आयुष्य गेलं न मागता." विषय तिथे संपला असं मी धरलं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाहेर ती सोनंखरेदीचा दिवस म्हणून माहीत असते. खानदेशात लग्न झालेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. आबांच्या तीन मुली, दोन बहिणी, पुतण्या, भाच्या, भाऊबंदांतल्या लेकी, सगळ्या त्या वर्षी गावात होत्या.

प्रोफाईलवर रिव्ह्यू आला की मेल येतो. मी आबांच्या नावाचा इनबॉक्स उघडला. एका दुपारचे तीसेक मेल होते. सगळे पाच स्टार. लिहिणाऱ्या सगळ्या बायका. निम्म्यांचं माहेरचं किंवा सासरचं आडनाव पाटील.

मी एकेक वाचत गेलो.

"आमच्या आबांचं गॅरेज एक नंबर."

"काका खूप कष्टाळू आहेत. तब्येतीची काळजी घ्या काका."

"क्लच प्लेट छान बसवतात. स्वभाव पण चांगला."

एक अहिराणीत होता: "मन्हा मामानं गॅरेज शे. बठ्ठा खान्देशमा असं गॅरेज नही."

एकीने सोबत फोटो जोडला होता. फोटोत ब्रेक नव्हता. झोका होता.

मी मंगलला फोन लावला.

"मंगलताई, हे रिव्ह्यू तुम्ही लिहायला लावले?"

"लावले नाही. सगळ्यांनी खुशीने लिहिले. मी नुसतं कुठे दाबायचं ते दाखवलं."

"कुठे बसून लिहिले?"

"गॅरेजवर. घरात रेंज कुठे? गॅरेजला आबांनी वायफाय घेतलंय. सगळ्यांनी तेच जोडलं."

"तुमच्यापैकी ट्रक कोणाकडे आहे?"

ती विचार करू लागली. मागे कोणाला तरी विचारलंही. "धाकट्या आत्याच्या जावेकडे टेम्पो आहे."

"त्याचे ब्रेक आबांनी केले?"

"तो शिरपूरला असतो. तिथेच करतात." मग तिचा आवाज चढला. "पण खोटं काय लिहिलं त्यात, भाऊ? आबा कष्टाळू नाहीत?"

"आहेत," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मोठ्या शहरांत रिव्ह्यू विकत मिळतात. विकणारे एका खोलीत बसतात, एकाच इंटरनेटवरून, एकाच बैठकीत ढीगभर पाच स्टार देतात. ते पकडायला मॅपवाल्यांनी यंत्रणा बसवली आहे. यंत्रणेला एक दुपार दिसली, एक वायफाय दिसलं, ज्यांनी यापूर्वी कधीच काही लिहिलं नाही अशी तीसेक खाती दिसली. भाडोत्री माणसं आणि माहेरवाशिणी यांच्यातला फरक तिला कळत नाही. स्टार दोघंही पाचच देतात.

मी दीपाली मॅडमच्या टेबलाजवळ गेलो. एजन्सी त्यांची. स्क्रीनवरून नजर न काढता त्या ऐकतात.

"रिव्ह्यू गेले की प्रोफाईल गेलं?"

"दोन्ही."

"क्लायंटने केलं?"

"क्लायंटच्या लेकींनी."

आता त्यांनी वर पाहिलं. "आखाजी?"

"आखाजी."

"रिव्ह्यूंवर भांडू नकोस. ते गेले. गॅरेज खरंच आहे, खरंच चालतं, एवढं सिद्ध कर. अपील टाक. आणि जपून टाक, सारखं सारखं टाकता येत नाही."

"मॅपवाल्यांनी रिव्ह्यूंबद्दल विचारलं तर?"

"तर खरं सांग. पण ते विचारत नाहीत. तिकडे विचारणारं माणूसच नसतं."

अपील म्हणजे प्रोफाईल परत द्या, असा अर्ज. त्यासोबत जागेचा व्हिडिओ लागतो. रस्ता दिसला पाहिजे, बोर्ड दिसला पाहिजे, अवजारं दिसली पाहिजेत. जागा तुमच्या ताब्यात आहे हे कळावं म्हणून कुलूप उघडताना दाखवा, असंही सांगतात. इथे पहिली अडचण आली. आबांच्या शेडला दार नव्हतं. महामार्गावरचं गॅरेज कधी बंद होत नाही, म्हणून दार कोणी लावलंच नव्हतं.

मी त्या आठवड्यात मुक्ताईनगरला एका लॉजच्या कामात होतो. मंगल अजून माहेरीच होती. ती म्हणाली, "एवढ्या उन्हात तुम्ही कशाला येता? आम्ही काढतो आणि टाकतो." काय काय दाखवायचं ते मी तिला फोनवर सांगितलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मध्येच विचारलं, "हे मॅपवाले बघणार म्हणजे साहेब लोक ना?"

मी म्हणालो, "असंच धरा."

तसंच धरलं गेलं. व्हिडिओ मी नंतर पाहिला. तोवर तो अपिलात गेलेला होता. शेड धुतलेली होती. खड्ड्यांवर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरलेली होती. कामाला आलेला एकुलता एक ट्रक फ्रेममध्ये येऊ नये म्हणून लांब नेऊन उभा केला होता. पाने, जॅक, टाम्या अशी सगळी अवजारं पोत्यांत भरून मागच्या भिंतीला लावली होती. शेडच्या खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दोन्ही मेकॅनिक इस्त्रीच्या शर्टांत. मधोमध आबा, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. मागून मंगलचा आवाज येत होता, "आबा, हसा थोडं."

अपील नामंजूर झालं. या ठिकाणी सदर व्यवसाय चालतो असं दिसत नाही, एवढंच कारण दिलं होतं. व्हिडिओ पाहिल्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

"नाही म्हणे?" आबांनी फोनवर विचारलं.

"नाही."

"एवढं स्वच्छ केलं होतं."

"त्यामुळेच."

मंगलने फोन घेतला. "पाहुणा येणार म्हटल्यावर घरातला पसारा दाखवतात का, भाऊ?"

मे संपत आला होता. मॅपवरून येणाऱ्या गाड्या पूर्ण थांबल्या होत्या. आबांनी सांगितलं, शेठ सोमवारी जागा मोजायला येणार आहेत. मी म्हणालो, मीही सोमवारी येतो.

धुळ्याला बस बदलून पोहोचेपर्यंत उन्हं चढली होती. शेठ आधीच आले होते. सोबत त्यांचा माणूस, हातात टेप. प्रवीणने सुट्टी घेतली होती. आबा बाजेवर बसले होते. दोन्ही खड्डे रिकामे होते.

अडचण तिथेच होती. गॅरेज चालतं हे दाखवायला ट्रक हवा. ट्रक येत नव्हते कारण गॅरेज मॅपवर नव्हतं. आणि मॅपवर परत यायला गॅरेज चालतं हे दाखवायचं होतं.

धाकटा मेकॅनिक म्हणाला, "समोरच्या ढाब्यावर एक गाडी उभी आहे. ड्रायव्हर झोपला आहे. पाच मिनिटं खड्ड्यावर घेऊ का?"

"नको," मी म्हणालो.

"कोणाला कळणार आहे?"

"नको."

आबाही त्याला म्हणाले, "बस खाली."

शेठनी टेपवाल्याला थांबायची खूण केली. "आबा, मी मोजून घेऊ का? की नंतर?"

"मोजा ना, शेठ. मोजल्याने शेड कुठे जाते?"

"तसं नाही. तुमचं मन नसेल तर चहा होऊ द्या आधी."

चहा झाला. प्रवीण माझ्या शेजारी येऊन हळू बोलला. "तुम्ही त्यांना आशा लावू नका, सर. मी त्यांच्या वाईटावर नाही. या वयात ते खड्ड्यात उतरतात. वर ट्रक असतो."

"मी आशा लावत नाही. व्हिडिओ काढायला आलोय."

"कशाचा?"

आम्ही बसून राहिलो. वर पुलावरून गाड्या जात होत्या. त्यांचा आवाज येत होता, त्या दिसत नव्हत्या.

दुपार कलायला लागली तेव्हा सर्व्हिस रोडने एक कांद्याचा ट्रक आला. ड्रायव्हर साक्रीकडचा, जुना. त्याने मॅप कधी वापरला नव्हता. त्याला पुलाच्या अलीकडे खाली उतरायचं माहीत होतं.

"आबा, डाव्या चाकाचा ब्रेक धरत नाही. आणि लवकर करा, माल सडतोय."

आबा बाजेवरून उठले. टोपी काढून खुंटीला लावली. मी मोबाईल काढला. शेडला दार नव्हतं, पण पान्यांच्या पेटीला कुलूप होतं. आबांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढून ते उघडलं. मी ते व्हिडिओत घेतलं. त्याआधी रस्त्यापासून चालत येऊन पुलाचा खांब आणि बोर्ड घेतला होता. मग खड्डा. आबा खाली उतरले. चाक निघालं, ड्रम निघाला, लायनर बाहेर आले. लायनर म्हणजे ब्रेकची झिजणारी पट्टी. ती झिजून पत्र्यासारखी झाली होती. आबांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. ड्रायव्हर वर उभा राहून बोलत होता. "आज होईल का उद्या होईल, आबा? सांगा, मी झोपून घेतो." खड्ड्यातून आबांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे देता येत नाही. मी व्हिडिओतून काहीच कापलं नाही.

शेठ बाजूला होऊन उभे होते. "मी पण दिसतो का यात?" त्यांनी विचारलं.

"टेपसकट दिसता."

"काढून टाका हो. उगाच आबांचं नुकसान व्हायचं."

"राहू द्या, शेठ. कापलं की त्यांना शंका येते."

आबा वर आले तेव्हा शेठ तिथेच होते. जागा मोजायची राहिली होती. आबांनी काळ्या हातांनी पाण्याचा तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मोजा आता."

व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी पाठवला. पुढचे काही दिवस काहीच आलं नाही. आबांना मी रोज तेच सांगत होतो, वाट बघू. मॅडमनी मला दुसरं काम दिलं. जून लागला. शेठचा निरोप आला की पेंडेचे ट्रक निघालेत.

अपील मंजूर झाल्याचा मेल एका सकाळी आला. मी आबांना फोन केला. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "रिव्ह्यू आहेत का?"

"नाहीत."

"पोरींचे गेले ते ठीक. ड्रायव्हर लोकांचे?"

"तेही गेले. सगळेच गेले."

"मग दिसणार कुठे आपण?"

"खाली. शेजारच्या गॅरेजच्या खाली."

त्यावर आबा म्हणाले, "शेठचा माणूस आला आहे. नंतर बोलतो."

ते काय ठरवून बसले होते ते मला पुढच्या खेपेला कळलं. शेडमध्ये मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली होती. पलीकडे पेंड. अलीकडे एक खड्डा. पलीकडचा खड्डा मुरूम टाकून बुजवला होता. थोरला मेकॅनिक धुळ्याला दुसरीकडे लागला होता. आबांनी निम्मी शेड शेठना दिली होती आणि निम्मी ठेवली होती. शेठनी पूर्ण शेडचा आग्रह धरला नाही. प्रवीण म्हणाला, "निम्मं तरी ऐकलं त्यांनी." तो नाराज दिसला नाही. खूशही दिसला नाही.

नंतर बऱ्याच दिवसांनी प्रोफाईलवर एक रिव्ह्यू आला. राजस्थानच्या एका ड्रायव्हरचा. तीन स्टार. हिंदीत लिहिलं होतं: 'मिस्त्री बुजुर्ग है. टाइम लगाता है. गाली देता है. ब्रेक पक्का.'

आबांचा लगेच फोन आला. कोणीतरी वाचून दाखवलं होतं. "भाऊ, ते काढून टाका. शिवी मी त्याला दिली नव्हती. नटाला दिली होती."

"काढता येत नाही, आबा."

"मग मंगल म्हणते, खाली उत्तर लिहू."

"नको."

"एकच ओळ म्हणते."

"नको. तिला सांगा, पासवर्ड बदलला आहे."

तो रिव्ह्यू आला आणि हळूहळू आबांना फोन यायला लागले. त्या ड्रायव्हरच्या ओळखीचे नव्हते ते. कोण होते, माहीत नाही. रात्री-अपरात्री महामार्गावर ब्रेक धरेनासा झालेल्या माणसाला गॅरेजवाल्याच्या स्वभावाशी घेणं नसतं. शेवटचे दोन शब्द त्याला पुरतात. आणखी रिव्ह्यू आले. एकही पूर्ण पाच स्टारचा नव्हता. मॅपने गॅरेज एक पायरी वर घेतलं. शेजारच्याच्या वर नाही, पण दिसेल इतकं. एका खड्ड्याला तेवढं काम पुरतं. आबा अजून खाली उतरतात.

या कामात मी एवढं शिकलो. मालकाला मॅपवर आपल्या माणसांचं प्रेम दाखवायचं असतं. मॅपला त्याचा उपयोग नाही. त्याला काळे हात लागतात आणि अनोळखी माणसाची थोडी कुरबुर लागते. प्रत्येक नव्या क्लायंटला मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. ते मान हलवतात, हो म्हणतात, आणि माझ्यासमोरच घरात मोबाईल किती आहेत ते मोजायला लागतात.